साल मोडणे: झाडीपट्टीतील चाकरी आणि मुदतीआधी काम सोडण्याचा इतिहास

ठरलेली मुदत पुरी न करता काम सोडून जाणे याला शेतीच्या चाकरीत ‘साल मोडणे’ म्हणत. राजीनामा, महिन्याची नोटीस, नोटिशीऐवजी पगार ही भाषा कारखाने आणि कचेऱ्यांबरोबर आली. त्याआधी मुदत वर्षाची असे आणि करार तोंडी. आधी उचललेले पैसे किंवा धान हाच जामीन. दोन्ही पद्धती एकमेकींपासून लांब दिसतात, पण दोन्हींत खरा प्रश्न एकच असतो: माणूस निघून जातो त्या घडीला कोणाचे पैसे कोणाकडे अडकलेले आहेत? मालकाचे पैसे मजुराकडे असले की निघून जाणे ‘फसवणूक’ ठरले, आणि त्यासाठी तुरुंगही झाला. मजुराचे पैसे मालकाकडे असले की तीच गोष्ट हिशेबाची बाब राहिली.

हा इतिहास इथे पाहायचा तो कोहमाऱ्याच्या मुलखातून. कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. नागपूरहून भंडारा, साकोलीवरून येऊन देवरीमार्गे रायपूरकडे जाणारा महामार्ग इथून जातो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. इंग्रजी अमदानीत त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. तालुक्याच्या नावातली ‘सडक’ हीच. गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेला रस्ता इथे महामार्गाला भेटतो आणि पुढे नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जातो. भोवतीचा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे भात, तलाव आणि जंगल यांचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणून इथला जुना इतिहास भंडारा जिल्ह्याच्या नावावर आहे. भंडारा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे या गावांतल्या मजुराला लागू पडलेले कायदे कधी नागपूरला ठरले, कधी मुंबईला.

१८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मध्य प्रांतातल्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. मालगुजाराची स्वतःची ‘सीर’ जमीन असे. ती कसायला, बैलजोड्या सांभाळायला आणि तलावाच्या पाण्याची पाळी राखायला बारमाही माणूस लागे. मोठ्या कास्तकारांचीही गरज तीच होती. मजुरांचे ढोबळ तीन प्रकार होते. रोजदार दिवसाच्या बोलीवर येई, महिनदार महिन्याच्या आणि सालदार वर्षाच्या. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात सालदाराचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होऊन पुढच्या पाडव्याला संपते. शेजारच्या छत्तीसगडात हाच मान अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला आहे. दोन्ही सणांच्या सुमारास रब्बी घरात आलेली असते, खरीप लांब असतो आणि शेतकऱ्याच्या हातात थोडेफार धान्य असते. नवा गडी ठरवायला आणि जुन्याचा हिशेब मिटवायला याहून सोयीची वेळ नाही.

साल ठरे ते रोख आणि धान्य मिळून. त्याशिवाय कपड्यांचा जोड, पायताण, घोंगडी, पोळ्याच्या दिवशी बैल फिरवल्यावर मिळणारा बोजारा. यातला काही भाग आधीच ‘उचल’ म्हणून दिला जाई, आणि ही उचलच करार पक्का करी. घरात लग्न निघाले, कोणी आजारी पडले, मागच्या मालकाची बाकी राहिली होती, अशा कारणांनी उचल घेतली जाई. ती घेतली की पुढचे बारा महिने विकले गेले. गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणत. खाडे मोजले जात, आणि वर्ष संपल्यावर तेवढे दिवस भरून द्यावे लागत किंवा त्यांचे पैसे कापले जात. पाडव्याला सुटणारा सालदार म्हणूनच अनेकदा पाडव्याला सुटत नसे. खाडे आणि बाकी यांची बेरीज त्याला पुढच्या सालात ओढून नेई.

साल मोडण्याची खरी अडचण भाताच्या कामाच्या वेळापत्रकात आहे. चैत्र ते ज्येष्ठ काम हलके असते: शेणखत टाकणे, बांध्यांच्या पाळी दुरुस्त करणे, लाकूडफाटा. मृग लागला की पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, टाकायचे. पुढे चिखलणी आणि रोवणा, म्हणजे रोपांची लावणी. रोवण्याचे काही आठवडे गेले की हंगाम गेला. तेव्हा मजूर मिळत नाही आणि मिळाला तर दुप्पट मागतो. मग निंदण, कार्तिक-मार्गशीर्षात कापणी आणि त्यानंतर चुरणा, म्हणजे मळणी. बोली करताना वर्षाचे बारा महिने सारखे धरत, मधेच हिशेब करायची वेळ आली की ते सारखे राहत नसत. आषाढात निघून जाणाऱ्या गड्याने तीन महिने काम केले तरी मालक म्हणणार, हे हलक्या कामाचे महिने, यांचा पाव हिस्सा कसला? आणि रोवणा आटोपून भाद्रपदात जाणारा म्हणणार, कंबर मोडणारे काम तर झाले, आता अर्ध्याहून जास्त द्या. दोघांचेही खरे होते. फरक इतकाच की चोपडी मालकाच्या घरात होती आणि गड्याला वाचता येत नव्हते.

तरीही साल मोडले जाई. त्याची सर्वांत रुळलेली वाट म्हणजे दुसरा मालक. शेजारच्या गावचा शेतकरी गड्याची बाकी चुकती करी आणि त्याला आपल्याकडे नेई. आज शहरातल्या कंपन्या नव्या माणसाच्या नोटिशीचे पैसे भरून त्याला लवकर सोडवून आणतात, ती युक्ती या अर्थाने मुळीच नवी नाही. भेद मात्र मोठा आहे. कंपनीने भरलेले पैसे बहुधा कंपनीच सोसते. सालदाराच्या बाबतीत ते नव्या मालकाच्या चोपडीत त्याच्याच नावावर चढत. धनी बदले, कर्ज राही. दुसरी वाट पळून जाण्याची. ती घेतली तर घर, बायकोमुले आणि गावातली पत मागे राही, म्हणून ती एकट्यादुकट्याचीच असे. मालकाने साल मोडले तर मात्र रूढीत काहीच शिक्षा नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, तेव्हा अनेक ठिकाणी बारमाही गड्यांना कामावरून काढून टाकले गेले.

इंग्रजी कायद्याने उचल घेऊन पळणाऱ्याकडे पाहिले ते शहराच्या खिडकीतून. कलकत्त्याच्या व्यापारी मंडळींची तक्रार होती की कारागीर आगाऊ पैसे घेतात आणि काम टाकून जातात. त्यातून १८५९ चा तेरावा कायदा झाला, तो कामगारांच्या करारभंगाचा. सुरुवातीला तो कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरता होता, पण इतरत्र लागू करण्याची सोय त्यातच ठेवली होती. मालकाने तक्रार केली की दंडाधिकारी मजुराला बोलावून मालकाच्या पसंतीप्रमाणे हुकूम देई: उचल परत कर किंवा काम पुरे कर. हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कायद्याची सारी धार ‘आगाऊ पैसे’ या शब्दांवर होती. उचल न घेतलेल्या मजुराला तो लागत नव्हता. मालकाने मजुरी बुडवली तर त्याला तुरुंगात घालण्याची तरतूदही त्यात नव्हती.

त्याच वर्षी उलट बाजूही दिसली होती. १८५९ च्या जानेवारीत बोरघाटात रेल्वेच्या कामावर मजुरी थकल्यावरून मजूर खवळले आणि दंगा झाला. पुढच्या वर्षी रेल्वे, कालवे अशा बांधकामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा आला. त्यात मजुराला मजुरीसाठी दंडाधिकाऱ्याकडे जाता आले, पण काम सोडून जाणाऱ्याला शिक्षाही होतीच.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ४९० ते ४९२ ही तीन कलमे याच विषयाची होती. ४९० व्या कलमाचे उदाहरण पालखीचे आहे. भोई एका गावाहून दुसऱ्या गावी माणसाला पोचवायचे कबूल करतो आणि वाटेतच पालखी टाकून पळतो, तर तो गुन्हेगार. दळणवळण खांद्यावर चालत असे त्या काळची ही भीती आहे. साकोली-देवरीच्या जंगलातून जाणाऱ्या साहेबाला ती अगदी खरी वाटली असणार. ४९२ वे कलम मालकाच्या खर्चाने लांब नेलेल्या कामगाराने काम सोडण्याबद्दल होते. ४९१ वे वेगळ्या जातीचे: स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या लहान, वेड्या किंवा आजारी माणसाच्या सेवेची जबाबदारी घेऊन ती टाकणे. ४९० आणि ४९२ ही कलमे आणि १८५९ चा कायदा १९२५ च्या रद्दीकरण कायद्याने गेले. ४९१ वे टिकले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३५७ व्या क्रमांकावर आहे. नोटीस न देता काम सोडणे आज या संहितेखाली गुन्हा ठरते ते एवढ्या एका कोपऱ्यात.

१८५९ चा कायदा सर्वांत कठोरपणे वापरला गेला तो आसामच्या चहामळ्यांत. तिथे मजूर पुरवणाऱ्या मुलखांत मध्य प्रांतही होता. दुष्काळाने उठलेल्या माणसांना दलाल उचल आणि रेल्वेचे भाडे देऊन नेत. मळ्याची मुदत पुरी न करता पळालेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतःच पकडावे, असा अधिकार तिथल्या खास कायद्यांनी दिला होता. तो १९०८ मध्ये काढून घेतला गेला. इंग्लंडमध्ये नोकरीच्या करारभंगाची फौजदारी शिक्षा १८७५ सालीच संपली होती. तेच राज्यकर्ते हिंदुस्थानात ती आणखी पन्नास वर्षे चालवत राहिले.

झाडीपट्टीतल्या माणसाला साल मोडण्याची खरी ताकद कायद्याने दिली नाही, ती रेल्वेने दिली. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि गोंदिया जंक्शन झाले. नागपूरला त्याआधीच, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. तिथे मालकाची अडचण उलटी होती: माणसे कामावर येत, पण टिकत नसत. पेरणी आली, लग्न निघाले, गावात पैसे पुरेसे पोचले की मजूर न सांगता घरी जाई. एम्प्रेस मिलने यावर शिक्षेपेक्षा आमिषाचा मार्ग धरला. हजेरीबद्दल बक्षिसे दिली, १८८६ मध्ये पेन्शन निधी काढला, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. या उपकारांची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे, पण त्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. पुढे मिळणारे पैसे माणसाला जागेवर धरून ठेवतात. उचल मागून ओढते, निधी पुढून.

मुंबईच्या गिरण्यांत तिसरी रीत होती. पगार उशिरा द्यायचा. केलेल्या कामाचा पगार महिनाभर किंवा त्याहूनही जास्त मालकाकडे राही, आणि न सांगता गेलेल्याचा तो जप्त होई. इथे पैसे मजुराचे आणि कब्जा मालकाचा, म्हणून पोलीस बोलावण्याची गरजच पडत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबर त्यात एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. रविवारच्या मागणीची आठवण अजून निघते, पंधरा तारखेची निघत नाही. पण नोकरी सोडण्याच्या स्वातंत्र्याशी जास्त जवळचा संबंध दुसरीचा होता.

गिरणीत गावी जाण्याची एक सोयीची वाटही होती. आपल्या जागी भाऊ, मेव्हणा किंवा गाववाला उभा करायचा आणि निघायचे. त्याला बदली म्हणत. जॉबरची, म्हणजे माणसे भरणाऱ्या मुकादमाची, मूठ गरम केली की काम भागे. १९३५ मध्ये गिरणी मालकांनी बदली कामगारांची नोंद आणि कार्डे सुरू केली, तेव्हा ही वाट अरुंद झाली.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराला मुदत घातली. हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाआधी, जास्त असतील तर दहाव्या दिवसाआधी. मालकाने कामावरून काढलेल्याचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा होता. स्वतः सोडून जाणाऱ्याबद्दल हा नियम गप्प होता. पण एक कलम बोलके होते: दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता, वाजवी कारणाशिवाय कामावर आले नाहीत, तर नोटिशीऐवजी म्हणून आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. एकट्याने जाणे हिशेबाचे, दहांनी मिळून जाणे दंडाचे. नोटिशीच्या आडून संपावर नजर ठेवलेली इथे स्पष्ट दिसते.

हा मुद्दा १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक तंटा विधेयकावर उघड चर्चेला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद कायद्याच्या अंगाने सरळ होता. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग, म्हणजे दिवाणी बाब. तिला गुन्हा ठरवून माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामाला लावणे ही गुलामगिरी. विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला.  

तोवर भंडारा-गोंदियाकडे शेतीला प्रतिस्पर्धी उभा राहिला होता: विडी. जंगलात तेंदू, हातात वेळ आणि रेल्वे जवळ, यामुळे गोंदिया, तिरोडा, भंडारा, कामठी या पट्ट्यात विडीचे कारखाने वाढले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. ओले करून मऊ केलेले पान फर्म्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. सट्टेदार, म्हणजे कंत्राटदार, पान-तंबाखू देई आणि विड्या मोजून घेई. वाईट निघालेल्या ‘छाट’ म्हणून काढल्या जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. घरी बसून करता येणारे आणि आठवड्याला पैसे देणारे हे काम सालदारीपुढे मोठे आकर्षण होते. मजूर शेत सोडून सुपाकडे वळला, तो कोणालाही नोटीस न देता. कामठीच्या एल. एन. हरदास यांनी १९३० च्या दशकात या विडी कामगारांची संघटना बांधली.

सरकारने १९४८ मध्ये शेतकऱ्यांची बाजू घेतली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या त्या वर्षीच्या एका कायद्याने उपायुक्तांना अधिकार दिला की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यास बंदी घालावी. हेतू उघड होता: रोवणा आणि कापणीला मजूर मिळावेत. हाच कायदा सागर जिल्ह्यात वापरला गेला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नव्या राज्यघटनेला वर्षही झाले नव्हते. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात १९५० च्या नोव्हेंबरात न्या. मेहरचंद महाजन यांनी लिहिले त्याचा आशय असा की बंदी हेतूच्या फार पलीकडे जाते: शेतात काम करू न शकणारे म्हातारे, अपंग, मुले, बाया यांनाही ती विडी वळू देत नाही. कायदा रद्दबातल ठरला. एका गावच्या सर्व माणसांनी एका हंगामापुरते एकाच धंद्याला बांधलेले राहावे, ही जुन्या सालाची कल्पना सरकारने कायद्यात उतरवली होती, आणि ती घटनेच्या पहिल्याच वर्षी कोसळली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारीही संपली. तलाव सरकारकडे गेले. त्यांना अजून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात.

विडीच्या मजुराला जाण्यायेण्याची मोकळीक मिळाली, पण तिची किंमत लवकरच कळली. कारखाना कायद्याखाली पगारी रजा मिळायची तर तो ‘कामगार’ ठरायला हवा होता. १९६० मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विडी मजुरांना कामगार मानले, कारण ते केव्हाही आले-गेले तरी दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे आणि वाईट विड्या नाकारण्यातून मालकाचे नियंत्रण राही. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या एका प्रकरणात निकाल उलटा गेला. तिथला मजूर मन मानेल तेव्हा येई, मन मानेल तेव्हा उठे, न कळवता गैरहजर राही आणि कोणी काही म्हणत नसे. म्हणून तो कामगारच नाही, असे बहुमत झाले. नोटीस न देता जाता येते एवढ्यावरून माणूस नोकर नाही ठरला, आणि नोकर नाही म्हणून रजेचा पगारही गेला. मालकवर्गाला हा निकाल आवडला असणार. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही पळवाट बरीचशी बुजवली. घरी वळणाऱ्यांनाही त्याने कक्षेत घेतले आणि सहा महिने काम केलेल्याला काढायचे तर वाजवी कारण आणि महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार बंधनकारक केला. सोडून जाणाऱ्यावर असे बंधन त्या कलमात नव्हते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरच्या विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधीचाही हक्क मान्य केला.

कारखान्यांत दोन्ही बाजूंनी सारखी नोटीस आली ती १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने. त्याखालच्या केंद्रीय नमुन्यात मासिक पगाराच्या कायम कामगारासाठी एक महिना आणि इतरांसाठी दोन आठवडे अशी मुदत होती. काढणाऱ्याने द्यावी किंवा सोडणाऱ्याने, नाहीतर तेवढा पगार. दुकानांसाठीच्या १९४८ च्या मुंबई कायद्यात मात्र बंधन मालकापुरतेच होते: वर्ष झालेल्याला तीस दिवस, तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी काम केलेल्याला चौदा.

सालदाराला कायद्याने हात दिला तो फार उशिरा. २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झालेला वटहुकूम आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा यांनी उचलीच्या जोरावर माणसाला बांधून ठेवणे रद्द केले. घेतलेल्या पैशांच्या बदल्यात ठरावीक काळ दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही वेठबिगारीची एक खूणच या कायद्याने मानली. असे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली, आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सावकारावर आले. बळजबरीने राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. १८५९ मध्ये उचल घेतलेला पळाला तर तो तुरुंगात जाई. ११७ वर्षांनी उचल देऊन अडवणारा जाऊ लागला, निदान कागदावर. गावात सालदारी यानंतरही राहिली. वर्षाची बोली आणि आगाऊ रक्कम हे स्वतःहून बेकायदा नाही. रक्कम परत न करता आल्यामुळे माणूस अडकला की ते बेकायदा होते. ही रेघ कुठे ओढायची हे अधिकाऱ्याच्या नजरेवर राहते.

सडक अर्जुनीसारख्या तालुक्यात शेतीबाहेरची पगारी नोकरी म्हणजे पुष्कळांसाठी शाळा, आणि राजीनाम्याचे तपशीलवार नियमही महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी आहेत. १९७७ च्या कायद्यानुसार राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः तयार करायचा, दोन प्रतींत, तारीख-सहीनिशी, आणि संस्थेला नोंदणीकृत टपालाने पाठवायचा. संस्थाचालक नेमणुकीच्या दिवशीच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवत, त्यावरचा हा उतारा आहे. १९८१ च्या नियमावलीतला चाळिसावा नियम मुदत सांगतो: कायम कर्मचाऱ्याला तीन महिने, इतरांना एक, लवकर जायचे तर तेवढ्या काळाचा पगार भरायचा. संस्थेने नोटीस किंवा पैसे न घेता कोणाला सोडले, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, म्हणजे संस्थाचालकाच्या भलेपणालाही दर आहे. सुट्टीचा काळ नोटिशीत धरता येत नाही, आणि पहिले सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीस देता येत नाही. जूनमधला शिक्षक शाळेला रोवण्याच्या दिवसांतल्या गड्याइतकाच लागतो, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

खाजगी कंपन्यांत एक ते तीन महिन्यांची नोटीस आता नेमणूकपत्रातच असते. ती मोडून जाणाऱ्याला न्यायालय कामावर परत बसवत नाही; वैयक्तिक सेवेचा करार बळाने पुरा करून घेता येत नाही, हे तत्त्व १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यापासून चालत आले आहे. उरते ती भरपाई, तीही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वाजवी. ‘वाजवी’ किती हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात पाहिले. तीन वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट न्यायालयाने कायम केली. सरकारी बँकेला नवी भरती जाहिरात आणि परीक्षा घेऊनच करावी लागते, हा खर्च धरून रक्कम अवाजवी नाही, असे कारण दिले. रक्कम भरून माणूस जाऊ शकतो, म्हणून त्याच्या धंद्याच्या स्वातंत्र्यावरही घाला नाही, असेही म्हटले.

सोडून जाणाऱ्याचा शेवटचा पगार किती दिवसांत द्यायचा, याबद्दल १९३६ चा कायदा गप्प होता. ती जागा वेतन संहितेने भरली. २०१९ मध्ये संसदेने मंजूर केलेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. काढलेल्याबरोबर राजीनामा दिलेल्याचाही तिच्यात उल्लेख आहे, आणि दोघांचेही पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहेत.